कोरड्या धारेखाली

यंदा घाटातली धार सुरू झाल्याची बातमी मला मोबाईलवर कळली. सुनेच्या कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. काळ्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय, खाली पोरं भिजतायत, आणि मागे कसलंतरी गाणं. सून म्हणाली, आई, इतकं छान ठिकाण इतक्या जवळ असून तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी म्हटलं, मला माहीत आहे ते ठिकाण. तिला वाटलं, मी नेहमीसारखं नाक मुरडतेय. नाक मुरडायची मला सवय आहे हे कबूल, पण या वेळी तसं नव्हतं.

रविवारी गेलोच. धारूरच्या घाटात त्या वळणावर गाड्यांची रांग लागली होती. कणसं भाजणारे, भजी तळणारे, प्लास्टिकच्या टोप्या विकणारे, सगळे हजर. मुलाने गाडी कडेला घेतली तर काचा बंद असतानाही पाण्याचा आवाज आत येत होता. मी उतरले, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय घालून उभी राहिले. सून फोटो काढत होती आणि मला हसा म्हणत होती. मी हसलेही. पण त्या पाण्याखाली कुठला दगड कुठे आहे, ते मला पाठ होतं. कुठल्या दगडाला पाठ टेकता येते, कुठल्या कपारीत गांधीलमाशा बसतात, कुठे उभं राहिलं की वरच्या बंगल्यातून दिसत नाही. या धारेखाली मी सकाळ-संध्याकाळ येऊन गेलेली बाई आहे. धारेला पाणी मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मी इथे येऊन गेले ते वर्ष कोरडं होतं. आता पाणी आलंय तर वाटतं, तेव्हाचं सांगून कुणाला खरं वाटेल का. आषाढ निम्मा सरला तरी वारा नुसता धूळ घेऊन यायचा. बोअरचं बटण दाबलं की नळातून आधी फुसफुस हवा, मग लाल गाळ, मग काहीच नाही. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. पोरांना परातीत उभं करून अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी वासरापुढे ठेवायचं. टँकरच्या पाण्याला गंजाचा आणि औषधाचा वास यायचा, तो चहात उतरायचा, भाकरीतही उतरायचा. आम्ही लिंगायत. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. पूजेला वाटीभर पाणी लागायचं. ते तीर्थ आम्ही घेतोच, पण त्या वर्षी मी ते तहान लागली म्हणून प्यायले आहे.

सिरसाळ्याच्या बाजूला आमचं गाव. दुकान खत-बियाण्यांचं. लोक यायचे, कपाशीच्या पाकिटावरचं हिरवंगार चित्र बघायचे, आणि परत ठेवून द्यायचे. दुकानात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

आणि असल्या वर्षात सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक आली.

गावाकडच्या माणसाला सोसायटी म्हणजे काय ते सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगते. पीककर्ज, खत, दुष्काळ असला तर जनावरांचा चारा, सगळं गावात त्या एका खोलीतून येतं आणि त्या खोलीची किल्ली चेअरमनच्या खिशात असते. गाव आधी संचालक निवडतं, आणि संचालक आपल्यातूनच एकाला चेअरमन करतात. संचालकांत दोन जागा बायकांच्या. एकीवर मला बसवलं. दुकानामुळे दोन्ही बाजूंशी आमचं बोलणं-चालणं, म्हणून माझं नाव कुणाला खुपलं नाही. मला विचारायचा प्रश्न आलाच नाही. आमच्या ह्यांनी कागद पुढे धरला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. सही केली, सहीशेजारी पिठाचं बोट उमटलं, आणि मी परत लाटणं हातात घेतलं.

दुसऱ्या जागेवर कुशावर्ता. गाव तिला कुशी म्हणायचं. वीस-बावीस वर्षांची, नवरा पुण्याकडे कंपनीत, घरी सासू-सासरे आणि अंगावर पिणारी पोर. सासरा पुढाऱ्यांच्या उठण्या-बसण्यातला, म्हणून सून संचालक. मीटिंगला यायची ती पदर ओढून, आणि बसायची माझ्या मागे, भिंतीला टेकून. मी हसले की हसायची. आमची ओळख एवढीच.

आमच्याकडे अशा निवडणुकीआधी संचालकांना सहलीला नेतात. समोरच्याने माणसं फोडू नयेत म्हणून आपली माणसं आधीच उचलायची आणि मतदानाच्या सकाळी थेट खोलीच्या दारात उतरवायची. अमका दिसत नाही कुठे, असं कुणी विचारलं आणि सहलीला गेलाय असं उत्तर आलं, की विचारणारा समजून जातो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. मारहाण नसते, दमदाटी नसते. उलट ताटात गोडधोड असतं. जाणाऱ्यालाही त्यात थोडा मान वाटतो, की आपल्याला कुणीतरी पळवण्याच्या लायकीचं समजतंय.

आमच्या भागाचे पुढारी आबा. ते स्वतः संचालक नव्हते, पण पुतण्याला चेअरमन करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आबा एका सकाळी जीप घेऊन दारात आले आणि सासूबाईंच्या पाया पडले. म्हणाले, वहिनींना कपिलधारला नेतो, दर्शन करवून दिवेलागणीला घरी सोडतो. कपिलधार म्हणजे आमचं दैवत. मन्मथस्वामींचं ठिकाण, तिथे कड्यावरून पाणी पडतं, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझं जाणं झालं नव्हतं. सासूबाईंनी नारळ दिला, विभूतीची पुडी दिली, माझ्याही नावाचा नमस्कार कर म्हणाल्या. मी नवी साडी नेसले. कुशीच्या घरी आबांनी तेच सांगितलं. ऊन फार, जीप भरलेली, संध्याकाळी परत यायचंच आहे, म्हणून पोरीला सासूपाशी ठेवून ती निघाली.

जीपमध्ये बाकीचे संचालक होते. बोलता बोलता कळलं की आबांनी प्रत्येकाला वेगळं गाव सांगितलंय. कुणाला शिर्डी, कुणाला गोवा, एका म्हाताऱ्याला तर थेट काशी. म्हातारा गंगाजलासाठी तांब्या घेऊन आला होता. सगळे हसले, म्हातारा पण हसला. मीही हसले, कारण मला अजून वाटत होतं की आपण दोघी तरी कपिलधारलाच चाललोय. तेलगाव मागे पडलं, जीप घाट चढायला लागली आणि अर्ध्या घाटात रस्ता सोडून मातीच्या वाटेला लागली. मी विचारलं तर आबा पुढच्या सीटवरून म्हणाले, कपिलधारला उद्या जाऊ वहिनी, आज इथंच मुक्काम.

बंगला आबांच्या कुणा पाहुण्याचा. गिलावा झालेला नाही, गच्चीतून लोखंडी गज वर आलेले, फाटकाला साखळी. पुरुषांना पुढची मोठी खोली, पत्ते, पंखा. आम्हा दोघींना आतली खोली, खिडकी दरीकडे. मोबाईल चार्जिंगला लावतो म्हणून एका पिशवीत गोळा झाले, आणि ते चार्ज व्हायला मतदानाचा दिवस उजाडावा लागला. खिडकीतून समोर कडा दिसायचा. वरपासून खालपर्यंत त्याच्यावर एक रुंद काळा पट्टा होता, चुलीमागच्या भिंतीवर धुराचा असतो तसा. आबांचा ड्रायव्हर नवनाथ म्हणाला, ती धार. पावसाळ्यात लांबून लांबून लोक बघायला येतात.

आता लाज सोडून सांगते. पहिल्या संध्याकाळी न्हाणीघरात गेले तर दोन बादल्या पाणी भरून ठेवलेलं. दोन. टाकी भरलेली, प्यायला थंड पाण्याचे जार, सगळं आबांनी पैसे मोजून आणलेलं. मी कडी लावली आणि डोक्यावरून अंघोळ केली. केस धुतले. उरलेल्या पाण्यात नुसते पाय बुडवून बसले. घरी सासूबाई तांब्याने मोजून पाणी घेत असतील हे मनात येत होतं, तरी उठवत नव्हतं. मला फार बरं वाटलं. त्या कोंडवाड्यात मी वर्षातली पहिली पोटभर अंघोळ केली.

आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मला कुणी चहा मागत नव्हतं. घागरी नव्हत्या, टँकरची रांग नव्हती, आल्या-गेल्याचं करायचं नव्हतं. आमच्या दोघींचं बिनमटणाचं ताट वेगळं यायचं, तेही आयतं. मी गादीवर आडवी पडून छताकडे बघत राहिले आणि विचार केला, फाटकाला साखळी आहे म्हणून हा तुरुंग, तर घरी साखळी नसताना मी कधी वेशीबाहेर गेले होते? हा विचार मला आवडला नाही. मी कूस बदलली. पण तो गेला नाही, आणि खरं सांगायचं तर आजही गेलेला नाही.

कुशीला मात्र पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं की ही गोष्ट वेगळी आहे. दिवस कलला तशी ती खिडकीजवळ उभी राहिली ती बसेना. छातीशी हाताची घडी. जवळ गेले तर पदराखाली चोळी ओली. दूध दाटलं होतं. कपिलधारला अंघोळीसाठी म्हणून पिशवीत घातलेलं जुनं पातळ फाडून मी तिला घड्या करून दिल्या. ती म्हणाली, अक्का, पोर आता रडत आसंल. मी म्हटलं, उद्या सोडतील.

सकाळी ती पदर सावरून पुढच्या खोलीत गेली आणि दारातूनच म्हणाली की लेकरू लहान आहे, घरी जायचंय. पुरुषांनी पत्ते खाली ठेवले, एकमेकांकडे पाहिलं, परत उचलले. आबा प्रेमाने म्हणाले, सूनबाई, सगळी आपलीच माणसं हायत इथं, आजी हाय की लेकराजवळ. त्या खोलीत दूध हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. शेवटी मीच म्हटलं, आबा, पोर अंगावर पिते. हिला सोडा, मत द्यायला येईल ती. आबांनी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, बघतो.

आणि खरंच त्यांनी बघितलं. त्याच दुपारी नवनाथला पिटाळलं, आणि संध्याकाळी मोठ्या समाधानाने दारात येऊन सांगितलं, "सूनबाई, काळजी मिटली. पावडरचा डबा पोचवलाय घरी. लई भारीतला हाय."

मला हसावं की रडावं कळेना. आबा वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड होतं. त्यांच्या हिशेबी लेकराला दूध हवं होतं, ते पोचलं. कुशीच्या छातीत जे दाटलं होतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

त्याचं काय करायचं ते आम्ही धारेखाली ठरवलं. बंगल्यात संडास होता पण पुरुषांच्या खोलीला लागून, म्हणून आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ खाली दरीत जायचो. तेवढीच मोकळीक. नवनाथ वरती पाठ करून विडी ओढत उभा राहायचा. वाट सरळ धारेच्या पायथ्याला उतरते. तिथे सगळं वाळलेलं. शेवाळ सुकून त्याचे पापुद्रे निघालेले, पायाखाली करकरायचे. पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेले मोठे दगड उन्हाने तापलेले. कपारीत एक छोटा महादेव, त्याच्यावर कधीकाळच्या फुलांचा चुरा. एका भेगेत तेवढी ओल होती, आणि तिथे गांधीलमाशा पाण्याला यायच्या. इतक्या उंच कड्याखाली उभं राहून आवाज काय यायचा, तर माशांच्या गुणगुणण्याचा.

मी पदर पसरून आडोसा धरायची आणि कुशी दगडावर बसून दूध पिळून टाकायची. पहिल्या दिवशी तिला वेदनेने बोलता येत नव्हतं. दूध दगडावर पडायचं, पसरायचं, आणि बघता बघता आटून नुसता डाग राहायचा. मुंग्या यायच्या. मी दुसरीकडे बघायची. सगळ्या मुलखात बायका घागरभर पाण्यासाठी भांडत होत्या आणि ही पोरगी आपल्या लेकराच्या तोंडचं दगडाला पाजत होती. मला आबांचा राग आला, आमच्या ह्यांचा आला, तिच्या सासऱ्याचा आला, त्या लाटण्याच्या वेळी सही करणाऱ्या माझ्या हाताचा सगळ्यात जास्त आला.

कुशी रोज विचारायची, आणि आबा रोज उद्या म्हणायचे. कपिलधारही उद्या आणि घरही उद्या. एकदा तिने मला विचारलं, अक्का, फाटक ओलांडून पळाले तर? मी म्हटलं, रस्त्याला लागेपर्यंत जीप येईल. आणि घरी गेलीस तरी तुझा सासरा परत आणून सोडेल. ती म्हणाली, ते बी खरंय. तिचं ते शांतपणे मान्य करणं मला अजून आठवतं, आणि अजून नकोसं वाटतं.

हळूहळू दूध कमी होत गेलं. आधी दगडावर धार पडायची, मग थेंब. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला पदर फार वेळ धरावा लागेना. दुखणं थांबलं तशी कुशी जास्त घाबरली. रोज पिळायची, जास्त जोराने पिळायची, येत नाही म्हटल्यावर डोळे मिटून पोरीचं नाव घेऊन पिळायची. मी तिला सांगितलं की घरी गेल्यावर येतं, पोर तोंडाला लागली की येतं. मला तसं ठाऊक होतं असं नाही, पण दुसरं काय सांगणार होते.

परवा रविवारी त्या जागी उभी होते तेव्हा माझ्या शेजारी एक तरुण बाई लेकराला कडेवर घेऊन धारेखाली जायला बघत होती. पाण्याचा सपकारा आला की लेकरू दचकायचं आणि मग खदखदून हसायचं. ती मला म्हणाली, मावशी, या ना पुढे, काही होत नाही. मी पुढे गेले. पाणी खांद्यावर पडलं तेव्हा ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. वरती तो बंगला अजून आहे. त्याला आता रंग दिलाय, गजांवर मजला चढलाय, आणि गच्चीतून दोन माणसं चहा पीत धार बघत होती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आबांनी सगळ्यांना खाली धारेपाशी नेलं. या धारेची त्या भागात एक जुनी मान्यता आहे. तिचं पाणी ओंजळीत घेऊन दिलेला शब्द मोडला, तर मोडणाऱ्याच्या घरचं पाणी आटतं. भावकीतली भांडणं, बांधाचे वाद, इथे येऊन मिटायचे म्हणे. आबांनी बेल आणला होता, भंडारा आणला होता. सगळे महादेवापुढे गोल उभे राहिले आणि मग आबांच्या लक्षात आलं की धारेला पाणी नाही. इतके दिवस बंगल्यातून तो काळा पट्टा बघत होते, पण शपथेच्या गडबडीत ते त्यांच्या मनातच आलं नसावं. भेगेतली ओल बोटाला लागेल एवढीच, आणि तिथे माशा. मग आबांनी नवनाथला वर पाठवून प्यायच्या पाण्याचा जार आणवला. तो त्याने धापा टाकत महादेवावर कलता धरला आणि पिंडीवरून ओघळलेलं पाणी एकेकाने ओंजळीत घेतलं.

पुरुषांनी भराभर म्हटलं. मत आबांच्या पुतण्यालाच देईन, न दिलं तर माझ्या घरचं पाणी आटेल. म्हाताऱ्याने तर आपला काशीचा तांब्याच पुढे केला. कुशीची पाळी आली. ओंजळीत पाणी घेऊन ती थांबली आणि तिने विचारलं, "हे पाणी कुठलं हाय?"

नवनाथ सरळ माणूस. म्हणाला, "जारचं. बीडच्या प्लांटवरून येतंय."

"तू गप बे," आबा म्हणाले, आणि मग तिच्याकडे वळून समजुतीने, "सूनबाई, म्हादेवावरून आलं की तीर्थच झालं ते."

कुशीने मान हलवली आणि सगळ्यांसारखीच शपथ घेतली. मग आबा माझ्याकडे आले. त्यांच्या हातात पाणी नव्हतं. ते म्हणाले, वहिनी, तुमचा तर देव गळ्यातच हाय, तुम्हाला जारचं कशाला. सगळे बघत होते. मी लिंग काढून तळहातावर घेतलं, रोज सकाळी घेते तसं, आणि म्हणायचं ते म्हटलं. ज्या हातावर मी रोज देवाला काही न मागता बसवते, त्या हातावर मी आबांचा पुतण्या बसवला.

सकाळी निघायच्या आधी आम्ही दोघी शेवटचं खाली गेलो. कुशी दगडावर बसली, पण तिने चोळीला हात लावला नाही. काल संध्याकाळपासून काही आलं नव्हतं. दगडावरचे आधीचे डाग उन्हाने पिवळे पडले होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

"अक्का, काल वंजळीत घेतलं ते धारेचं पाणी न्हवतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नव्हतंच.

"मग ती शपथ कशाची? आन मोडली तर घरचं पाणी आटतंय म्हणत्यात. माझ्या घरचं तर आबांनी आदीच आटवलंय." तिने छातीवरून पदर नीट ओढून घेतला. "आता मला कशाचं भ्याव."

ती उठली आणि माझ्या पुढे वाट चढायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या पुढे चालत होती. तिच्या मागून चढताना माझा हात आपोआप गळ्याशी गेला. तिला सुटायला वाट सापडली होती, आबांनी स्वतःच्या घाईने ती उघडून दिली होती. माझ्या तळहातावरचं लिंग जारमधून आलेलं नव्हतं. ते माझ्या आईने माझ्या गळ्यात बांधलं होतं.

जीप थेट सोसायटीच्या दारात उभी राहिली. गुप्त मतदान होतं. चिठ्ठी घ्यायची, आडोशाला जायचं, घडी घालून डब्यात टाकायची. आडोशामागे मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. बाहेरून अधिकाऱ्याने, मॅडम, झालं का, असं विचारलं. मला दुसऱ्या नावावर खूण करायची होती. अगदी मनापासून करायची होती, हात तिकडे जात होता. मी शब्द पाळला. त्या क्षणी मी एकटीच होते, कुणी बघत नव्हतं, फाटक नव्हतं, साखळी नव्हती, आणि तेवढी अडकलेली मी त्या बंगल्यातही नव्हते.

आबांचा पुतण्या एका मताने पडला. त्यानंतर जे झालं ते कुठल्याही गावात होतं. कोण फुटला यावरून पुरुषांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. म्हाताऱ्यावर संशय, मग ज्याला गोवा सांगितलं होतं त्याच्यावर, मग नवनाथवरसुद्धा, ज्याला मतच नव्हतं. आम्हा दोघींकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. बायका शपथ मोडत नाहीत यावर सगळ्या गावाचा विश्वास होता. आमचे हे रात्रीच्या जेवणाला म्हणाले, तू तरी सरळ दिलंस ना? मी म्हटलं, सरळच दिलं. ते खरं होतं, आणि त्यांना ते ऐकून बरं वाटलं. मला त्याचा जो संताप आला तो मी भाकरीवर काढला.

कुशीकडे जायला मला दोन दिवस लागले. टँकर आला होता, कपडे साठले होते, घर परत अंगावर आलं होतं. जाताना वाटीत हळीव घेतले, बाळंतिणीला देतात ते. तिच्या घरात फळीवर आबांनी पाठवलेला डबा होता. सासू पुढ्यात बसून चमच्याने वाटीतली पावडर ढवळत होती. कुशी भिंतीला टेकून, मांडीवर पोर, पोरीचं तोंड छातीला. पोर ओढायची, काही येत नाही म्हणून सोडायची, रडायची, आजीच्या वाटीकडे हात करायची. कुशी तिला परत वळवून लावायची.

सासू मला म्हणाली, बघा ना बाई, दोन दिस झाले हेच चाललंय, पोर वाटीला सरावलीय, कशापायी छळायचं लेकराला. बाहेर नव्या चेअरमनची मिरवणूक चालली होती, हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. कुणीतरी दारातून डोकावून कुशीच्या सासऱ्याला सांगून गेलं की पुढच्या खेपेला नवे चेअरमनसुद्धा सहल काढणार आहेत, एसी गाडीने.

"पोरीला द्या इकडं," सासूने हात पुढे केले. "आटलं म्हणजे आटलं. आता येत नसतंय ते."

कुशीने पोरीचं डोकं हाताने धरून ठेवलं.

"वढू द्या तिला," ती म्हणाली. "वढल्याबिगर येत न्हाई."

सासूने वाटी खाली ठेवली. मी हळीव मांडीवर घेऊन बसले. पोर रडली, हुंदके देत परत लागली, परत सोडलं, परत लागली. हलगी गल्लीच्या टोकाला गेली आणि आवाज लांब होत गेला. कुशीच्या कपाळावर घाम आला होता, पण ती हलली नाही. बराच वेळ तसाच गेला. मग पोरीचं रडणं मध्येच थांबलं, गाल आत गेले, आणि घरात इतकी शांतता झाली की आम्हा तिघींना तिच्या घशातून एक घोट उतरलेला स्वच्छ ऐकू आला. मग दुसरा.